विश्लेषण : वाय-फायला रेंज फुल्ल, पण ‘पत्ता’च मिळेना! व्हीलॅन आणि डीएचसीपी रिलेमध्ये घोडे अडते कुठे?

कॉलेज, रुग्णालय किंवा एखाद्या मोठ्या कार्यालयात हा अनुभव अनेकांना येतो. फोनवर वाय-फायच्या सगळ्या रेघा दिसतात, पासवर्डही बरोबर असतो, पण फोन आयपी पत्ता मिळवण्यापाशी अडतो आणि थोड्या वेळाने जोडणी सुटते. शेजारच्या टेबलावरचा संगणक मात्र व्यवस्थित सुरू असतो. घरी अशा वेळी राउटर बंद करून चालू केला की काम भागते. मोठ्या नेटवर्कमध्ये तो उपाय सहसा लागू पडत नाही, कारण बिघाड अनेकदा फोनमध्येही नसतो आणि इंटरनेटच्या लाइनमध्येही नसतो. पत्ता मागणारा आणि पत्ता देणारा यांच्या मधल्या वाटेवर तो असतो. ऑनलाइन परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी लॅबमधले निम्मे संगणक सुरू आणि निम्मे बंद, असे चित्र असेल तर ही वाट समजून घेण्यावाचून पर्याय उरत नाही.

पत्ता मागण्याची पद्धत काय?

नेटवर्कवर नव्याने आलेल्या यंत्राला स्वतःचा आयपी पत्ता नसतो. पत्ते वाटणारा सर्व्हर कुठे आहे हेही त्याला ठाऊक नसते. त्यामुळे ते सर्वांना ऐकू जाईल असा पुकारा करते. तांत्रिक भाषेत हा ‘ब्रॉडकास्ट’. पाठवणाऱ्याच्या जागी ०.०.०.० आणि घेणाऱ्याच्या जागी २५५.२५५.२५५.२५५, म्हणजे ‘जो कुणी ऐकत असेल तो’. हा पहिला संदेश ‘डिस्कव्हर’. तो ऐकून सर्व्हर एक पत्ता देऊ करतो, ती ‘ऑफर’. यंत्र ‘हाच द्या’ म्हणते, ती ‘रिक्वेस्ट’. सर्व्हर ‘दिला’ म्हणतो, ती ‘ॲक्नॉलेजमेंट’. या चार पायऱ्यांच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून अभियांत्रिकीचे विद्यार्थी ‘डोरा’ असे पाठ करतात. यंत्र यूडीपीच्या ६८ क्रमांकाच्या पोर्टवरून बोलते आणि सर्व्हर ६७ क्रमांकाच्या पोर्टवर ऐकतो. हे दोन आकडे पुढे कामाला येतील.

ही पद्धत जुनी आहे. १९८५ मध्ये ‘बूटपी’ नावाचा नियमसंच आला, तो स्वतःची डिस्क नसलेल्या संगणकांना सुरू होता यावे म्हणून. त्यावरच १९९३ मध्ये डीएचसीपी उभी राहिली आणि आज वापरात असलेले तिचे मूळ रूप १९९७ च्या आरएफसी २१३१ या दस्तऐवजात आहे. संदेशाचा आराखडा मात्र बूटपीचाच राहिला. नेटवर्कवरची पाकिटे उघडून दाखवणाऱ्या वायरशार्क या साधनात २०१९ पर्यंत डीएचसीपीचे संदेश गाळण्यासाठी ‘बूटपी’ असेच टाइप करावे लागत असे.

मग व्हीलॅनमुळे अडचण का येते?

घरात एकच नेटवर्क असते, म्हणून पुकारा थेट राउटरला ऐकू जातो. मोठ्या संस्थेत हजारभर यंत्रे एकाच नेटवर्कवर ठेवली, तर सगळ्यांचे पुकारे सगळ्यांना ऐकावे लागतील. शिवाय पाहुण्याच्या फोनने लेखा विभागाच्या संगणकापर्यंत पोहोचावे, हे कुणालाच नको असते. म्हणून एकाच स्विचचे, प्रत्यक्ष तारा न बदलता, अनेक आभासी भाग केले जातात. हेच व्हीलॅन. १९९८ च्या ‘८०२.१क्यू’ या मानकानुसार प्रत्येक पाकिटावर व्हीलॅनच्या क्रमांकाची चिठ्ठी लावली जाते. क्रमांकासाठी १२ बिट असतात आणि त्यातून ४०९४ व्हीलॅन वापरता येतात.

एका महाविद्यालयाचे काल्पनिक उदाहरण घेऊ. सर्व्हर व्हीलॅन १० मध्ये, कार्यालय २० मध्ये, कॉम्प्युटर लॅब ३० मध्ये आणि पाहुण्यांचे वाय-फाय ४० मध्ये. लॅबचे पत्ते १०.०.३० ने सुरू होतात आणि तिथला गेटवे आहे १०.०.३०.१. पत्ते वाटणारा सर्व्हर एकच, १०.०.१०.५. लॅबमधल्या संगणकाने पुकारा केला की तो व्हीलॅन ३० मध्ये घुमतो आणि तिथेच विरतो. दोन व्हीलॅनमध्ये पाकिटे नेणारा लेअर-३ स्विच किंवा राउटर ब्रॉडकास्ट पलीकडे जाऊ देत नाही, आणि ते योग्यच आहे. दवंडी गावच्या वेशीपर्यंतच ऐकू जायची. फक्त पत्ता देणारे कार्यालय तालुक्याला आहे, ही अडचण.

रिले नेमके काय करतो?

रिले हा वेशीवरचा कोतवाल समजावा. तो दवंडी ऐकतो, ती अर्जाच्या रूपात लिहून घेतो, अर्जावर आपल्या गावाचे नाव घालतो आणि तालुक्याला नेऊन देतो. प्रत्यक्षात स्विचवरच्या व्हीलॅन ३० च्या इंटरफेसला सर्व्हरचा पत्ता सांगून ठेवलेला असतो. सिस्कोच्या स्विचवर ही आज्ञा ‘आयपी हेल्पर-ॲड्रेस’ या नावाने प्रसिद्ध आहे. इतर कंपन्यांच्या स्विचवर तिचे नाव बदलते, काम तेच राहते. पुकारा आला की स्विच तो थेट १०.०.१०.५ ला पाठवतो. पाठवण्यापूर्वी संदेशातल्या एका रिकाम्या रकान्यात स्वतःचा त्या व्हीलॅनमधला पत्ता, म्हणजे १०.०.३०.१, भरतो. या रकान्याचे नाव ‘जी-आय-ॲडर’, गेटवे आयपी ॲड्रेसचे लघुरूप.

सगळी गोम या रकान्यात आहे. सर्व्हर त्याचा उपयोग दोन कामांसाठी करतो. अर्ज कोणत्या गावचा आहे हे त्यावरून ठरते आणि त्या गावच्या वहीतून, तांत्रिक भाषेत ‘स्कोप’मधून, पत्ता काढला जातो. दुसरे म्हणजे, उत्तरही त्याच पत्त्यावर पाठवले जाते. ते अर्जदार संगणकाकडे परस्पर जात नाही, आणि जाणार तरी कसे, त्याला अजून पत्ताच कुठे आहे? त्यामुळे हेल्परची ओळ बरोबर लिहिली म्हणजे काम झाले, असे होत नाही. अर्ज पोहोचतो आणि उत्तर वाटेत हरवते, असे प्रकार भरपूर घडतात.

जुनी यंत्रे चालतात, नवीच का अडतात?

बिघाड शोधणाऱ्याची सर्वाधिक दिशाभूल करणारी गोष्ट ती हीच. डीएचसीपीचा पत्ता कायमचा नसतो, तो भाड्याने मिळतो. या मुदतीला ‘लीज’ म्हणतात. विंडोज सर्व्हरवर ती मुळात ८ दिवसांची असते. निम्मी मुदत, म्हणजे ४ दिवस झाले, की संगणक ती वाढवून मागतो. पण ही मागणी ओरडून केलेली नसते. आता त्याच्याकडे स्वतःचा पत्ता असतो आणि सर्व्हरचा पत्ताही माहीत असतो, म्हणून तो नेहमीच्या रस्त्याने थेट सर्व्हरशी बोलतो. रिलेचा यात संबंधच येत नाही.

परिणामी, बदल करताना एखाद्या व्हीलॅनवरची हेल्परची ओळ चुकून उडाली, तर आधीपासून जोडलेले संगणक मुदत वाढवत सुखाने चालू राहतात. नवा फोन, सुट्टीवरून परतलेल्या कर्मचाऱ्याचा लॅपटॉप, नव्याने फॉरमॅट केलेला लॅबमधला संगणक तेवढे अडतात. मग ‘बाकी सगळ्यांचे चालते आहे, तुमच्याच मशिनमध्ये काहीतरी आहे’ असे उत्तर मिळते. तक्रार करणाऱ्याला दोष देऊन फाइल बंद. बिघाड अर्थात तिथेच राहतो.

उलट, सर्व्हरपर्यंतचा रस्ताच तुटला असेल तर चित्र वेगळे दिसते. चौथ्या दिवशीची मुदतवाढ फसते. मुदतीच्या साडेसत्याऐंशी टक्क्यांवर, म्हणजे ७ दिवस झाल्यावर, संगणक पुन्हा सर्वांना पुकारा करून पाहतो. तोही वाया गेला की आठवा दिवस संपताच पत्ता सोडावा लागतो. नेहमी सुरू असणाऱ्या संगणकांनी आपली मुदत वेगवेगळ्या वेळी वाढवलेली असते. त्यामुळे रस्ता तुटल्यानंतर चौथ्या ते आठव्या दिवसाच्या दरम्यान ते एकेक करून गळत जातात. सोमवारी केलेल्या बदलाची बोंब शुक्रवारनंतर सुरू होते आणि तोवर सोमवारी काय केले हे कुणाच्या लक्षात राहिलेले नसते.

पत्ता न मिळालेला विंडोज संगणक १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता स्वतःच घेतो. तो दिसला की पुकाऱ्याला कुणी उत्तर दिलेले नाही, एवढे निश्चित समजावे. का दिले नाही, हे त्यावरून कळत नाही.

शोध कुठून सुरू करायचा?

सर्वात स्वस्त चाचणी अशी. अडलेल्या व्हीलॅनमध्ये एक लॅपटॉप लावायचा आणि त्याला त्या व्हीलॅनमधला वापरात नसलेला पत्ता तात्पुरता हाताने द्यायचा. मग आधी गेटवेला आणि नंतर सर्व्हरला पिंग करायचे. गेटवेच उत्तर देत नसेल, तर डीएचसीपीला हात लावण्याची गरज नाही. बिघाड त्याच्याही खाली आहे. भिंतीवरचे सॉकेट स्विचच्या ज्या पोर्टला जोडलेले आहे तो पोर्ट भलत्याच व्हीलॅनमध्ये असतो, किंवा दोन स्विचना जोडणाऱ्या ‘ट्रंक’वर परवानगी असलेल्या व्हीलॅनच्या यादीत ३० हा आकडाच नसतो. नवा व्हीलॅन तयार करताना मजल्यावरच्या स्विचवर सगळे काही केले जाते आणि मधल्या एका स्विचच्या ट्रंकवर त्याला वाट द्यायची राहून जाते. ही चूक इतकी नेहमीची आहे की काही जण पहिल्यांदा तिथेच बघतात.

लेअर-३ स्विचवर व्हीलॅन ३० चा इंटरफेस ‘अप’ आहे का, हेही याच टप्प्यावर पाहावे. त्या व्हीलॅनचा एकही पोर्ट किंवा ट्रंक सुरू नसेल तर हा इंटरफेस झोपलेलाच राहतो, आणि झोपलेला कोतवाल दवंडी ऐकत नाही.

गेटवे आणि सर्व्हर दोघेही पिंगला उत्तर देत असतील, तर हेल्परची ओळ तपासायची. ती पत्ता मागणाऱ्यांच्या व्हीलॅनवर हवी. शिकाऊ उमेदवार ती हटकून सर्व्हरच्या व्हीलॅनवर लिहितात, कारण ‘सर्व्हरचे काहीतरी’ म्हणून ती तिथेच शोभते असे वाटते. दुसरा घोळ जागेचा. अनेक संस्थांमध्ये व्हीलॅनचा गेटवे स्विचवर नसून फायरवॉलवर असतो. त्या स्विचला लॅबच्या व्हीलॅनमध्ये स्वतःचा पत्ताच नसेल, तर तिथे रिले उभा करता येत नाही. तो फायरवॉलवरच लावावा लागतो.

उत्तर परत का येत नाही?

इथवर सगळे ठीक असेल तर निम्मी वाट तपासून झाली. राहिली परतीची, आणि वेळ खाते तीच. सर्व्हर उत्तर पाठवतो ते १०.०.३०.१ ला. सर्व्हरला या नेटवर्ककडे जाणारा रस्ता माहीत हवा. सर्व्हरला दोन नेटवर्क कार्ड असतील आणि त्याचा डिफॉल्ट गेटवे इंटरनेटच्या बाजूचा असेल, तर उत्तर त्या भलत्याच दाराने बाहेर पडते. हे पडताळण्यासाठी स्विचवरून सर्व्हरला नुसते पिंग करणे पुरत नाही. तसे केले की स्विच पाठवणारा म्हणून सर्व्हरच्या बाजूचाच आपला पत्ता लावतो, पिंग यशस्वी होते आणि माणूस निश्चिंत होतो. पाठवणारा म्हणून १०.०.३०.१ हाच पत्ता लावून पिंग करायला हवे. एवढ्या एका फरकाने अनेक तास वाचतात.

मध्ये फायरवॉल असेल तर पोर्ट पुन्हा आठवावेत. संगणक ६८ वरून बोलतो खरा, पण रिले आणि सर्व्हर यांच्यातले बोलणे सहसा दोन्हीकडून ६७ वर चालते. पुस्तकात वाचल्याप्रमाणे ६८ आणि ६७ एवढीच परवानगी दिली की रिलेची पाकिटे गुपचूप टाकून दिली जातात. शिवाय मुदतवाढ थेट संगणकाकडून येते, त्यामुळे रिलेच्या पत्त्यालाच वाट मोकळी करून भागत नाही.

शंका उरलीच तर सर्व्हरवर वायरशार्क लावून बघावे. हा सर्वात कमी वाद होणारा मार्ग. डिस्कव्हर आलेच नाही, तर दोष अलीकडचा. डिस्कव्हर आले पण ऑफर निघाली नाही, तर सर्व्हरचा. ऑफर निघाली आणि तरी तेच डिस्कव्हर पुन्हा पुन्हा येत राहिले, तर परतीच्या वाटेचा. नेटवर्कवाले सर्व्हरवाल्यांकडे आणि सर्व्हरवाले नेटवर्कवाल्यांकडे बोट दाखवत असतील, तर दोघांना या एका पडद्यासमोर बसवावे.

सर्व्हर गप्प का राहतो?

बहुतेक वेळा गावाची वहीच नसते म्हणून. जी-आय-ॲडरच्या रकान्यात १०.०.३०.१ आहे, पण सर्व्हरवर १०.०.३० चा स्कोप कुणी तयारच केलेला नाही, किंवा तयार करून सुरू करायचा राहिला आहे. कधी स्कोप असतो पण सबनेट मास्क चुकलेला असतो. एका इंटरफेसला दोन पत्ते दिलेले असतील तर स्विच सहसा पहिलाच पत्ता रकान्यात भरतो आणि दुसऱ्या नेटवर्कचा स्कोप वापरलाच जात नाही.

पाहुण्यांच्या वाय-फायवर वेगळेच घडते, तिथे पत्ते संपतात. तिथल्या नेटवर्कचा सबनेट मास्क २५५.२५५.२५५.० असेल, तर वापरता येणारे पत्ते २५४ असतात. त्यातला एक पत्ता गेटवेचा. लीज ८ दिवसांची असेल तर सकाळी तासभर येऊन गेलेल्या माणसाचा फोन तो पत्ता आठवडाभर अडवून ठेवतो. भरीस भर म्हणून, अलीकडचे फोन गोपनीयतेसाठी आपला खरा हार्डवेअर पत्ता न सांगता बनावट पत्ता वापरतात. अँड्रॉइडमध्ये १० व्या आवृत्तीपासून, तर आयफोनमध्ये आयओएस १४ पासून हे मुळातच सुरू असते. असा फोन नेटवर्क ‘विसरून’ पुन्हा जोडला गेला आणि त्याने नवा पत्ता सांगितला, तर सर्व्हरच्या दृष्टीने तो नवा पाहुणा. अशा ठिकाणी लीज काही तासांवर आणणे हा बिनखर्चाचा उपाय आहे.

सुरक्षेचा उपायच आड येतो का?

येतो, आणि तो काढून टाकणे हे उत्तर नव्हे. कुणी घरचा वाय-फाय राउटर आणून भिंतीच्या सॉकेटला उलट्या बाजूने जोडला, की तोही पत्ते वाटू लागतो. तो जवळ असल्यामुळे त्याची ऑफर अनेकदा आधी पोहोचते आणि संगणक सहसा पहिली ऑफर घेतो. लॅबमध्ये मध्येच कुठे १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते दिसू लागले तर असा पाहुणा शोधावा. तो रोखण्यासाठी स्विचवर ‘डीएचसीपी स्नूपिंग’ सुरू करतात. मग फक्त विश्वासू ठरवलेल्या पोर्टवरून आलेलीच ऑफर आत घेतली जाते. खऱ्या सर्व्हरच्या दिशेचा पोर्ट विश्वासू ठरवायचा राहिला, तर खरी ऑफरही दारातून परत जाते.

याहून सूक्ष्म भानगड ‘ऑप्शन ८२’ची. स्नूपिंग करणारा मजल्यावरचा स्विच संदेशात ‘हा अमुक स्विचच्या अमुक पोर्टवरून आला’ अशी नोंद जोडतो. २००१ च्या आरएफसी ३०४६ मध्ये तिचे नियम आहेत. सिस्कोच्या स्विचवर स्नूपिंग सुरू करताच ही नोंद आपोआप जोडली जाऊ लागते. हा संदेश वरच्या स्विचकडे, म्हणजे रिलेकडे, पोहोचतो तेव्हा त्यात नोंद तर असते, पण जी-आय-ॲडरचा रकाना शून्य असतो. सिस्कोची आयओएस प्रणाली असा संदेश संशयास्पद मानून टाकून देते. उपाय दोन. खालच्या स्विचवर नोंद जोडणे थांबवायचे किंवा वरच्या स्विचवर त्या इंटरफेसला विश्वासू ठरवायचे. हेल्पर बरोबर, स्कोप बरोबर, रस्ता बरोबर आणि तरी सर्व्हरकडे काहीच पोहोचत नाही, अशा वेळी याची आठवण व्हावी.

केबल लावल्यावर साधारण अर्धा मिनिट पत्ता मिळत नाही आणि मग आपोआप मिळतो, असे होत असेल तर मात्र रिलेच्या वाटेला जाऊ नये. नेटवर्कमध्ये फेरा होऊ नये म्हणून जुन्या स्पॅनिंग ट्रीमध्ये पोर्ट १५ अधिक १५ सेकंद थांबून मगच वाहतूक सुरू करतो. संगणक जोडलेल्या पोर्टवर ‘पोर्टफास्ट’ लावले की ही वाट पाहणे संपते.

हाताने पत्ते टाकले तर काय बिघडते?

परीक्षा उद्यावर आली की हाच जुगाड होतो. अडलेल्या संगणकांना १०.०.३०.५०, ५१, ५२ असे पत्ते हाताने दिले जातात आणि सगळे सुरू होते. सर्व्हरला याची गंधवार्ताही नसते. त्याच्या वहीत ५० क्रमांक रिकामाच आहे. पुढे रिले दुरुस्त होतो आणि तो क्रमांक दुसऱ्या संगणकाला देऊ केला जातो. सावध संगणक घेण्यापूर्वी हा पत्ता कुणी वापरते आहे का, हे तपासतो आणि तो नाकारतो. विंडोज सर्व्हर मग त्या क्रमांकासमोर ‘बॅड ॲड्रेस’ अशी नोंद करून तो बाजूला ठेवतो. अशा नोंदी वाढत गेल्या की स्कोप आतून पोखरला जातो आणि पत्ते शिल्लक दिसायला हवेत तिथे ते संपलेले दिसतात.

वेळच आली तर स्कोपमधून वगळलेल्या टप्प्यातले पत्ते हाताने द्यावेत. प्रत्येक व्हीलॅनमध्ये पहिले २० पत्ते असे राखून ठेवणे अवघड नाही. प्रिंटर किंवा हजेरीच्या यंत्राला ठरलेलाच पत्ता हवा असेल तर सर्व्हरवर त्याच्या हार्डवेअर पत्त्यापुढे आरक्षण करता येते. यंत्र तेव्हाही पुकारा करूनच पत्ता मागते, फक्त प्रत्येक वेळी तोच मिळतो. आणि ज्या संगणकांना हाताने पत्ते दिले, त्यांची यादी लॅबच्या दारावर चिकटवावी. रिले सुरू झाल्यावर ते परत आपोआप पत्ता घेण्यावर आणायचे असतात आणि ते काम दुसऱ्याच कुणाच्या तरी वाट्याला येते.